फ्यूज उडाला, बरं झालं!

गाडीचे पुढचे दिवे गेले तर चालवणाऱ्याला तत्क्षणी कळतं, कारण समोरचा रस्ताच नाहीसा होतो. मागचे गेले तर त्याला काही म्हणजे काही कळत नाही. त्याचं सगळं सुरळीत चाललेलं असतं. गाणी लागलेली असतात, मागच्या सीटवर शेंगा सोलणं चालू असतं, आणि आपली गाडी म्हणजे अंधारात बुडालेली एक काळी पेटी होऊन घोडबंदर रोडवरून चालली आहे, हे फक्त मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला कळतं. तेसुद्धा वेळेवर कळलं तर.

हे सगळं होतं ते नखाएवढ्या फ्यूजमुळे, असं आपण म्हणतो. फ्यूज उडाला म्हणून दिवे गेले, तेव्हा फ्यूज बदला, दिवे आले, विषय संपला. मी इंजिनिअर नाही. उभी नोकरी बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण हा विषय तिथे संपत नाही, हे मला खोपटच्या एका वायरमनने शिकवलं, आणि ते घराघरांत गाडी असलेल्या या काळात सांगण्यासारखं आहे.

खोपट ठाणेकरांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. लालबहादूर शास्त्री मार्गावर, कॅडबरीच्या चौकाच्या अलीकडे, एसटीचा डेपो असलेली ही वस्ती. डेपो आला की त्याच्या आसपास चहा येतो, वडापाव येतो, टायरवाला येतो, बॅटरीवाला येतो आणि वायरमनही येतो. आमच्या वायरमनचं दुकान म्हणजे शटर वर केलं की अर्धं फुटपाथवर येणारं. भिंतीला रंगीबेरंगी वायरींची भेंडोळी, एका डब्यात काढलेले बल्ब, आणि एक लाकडी स्टूल, ज्यावर गिऱ्हाइकाने बसायचं आणि बोलायचं नाही. माणूस पन्नाशीचा, मूळचा जुन्नरकडचा. सगळे त्याला उस्ताद म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

माझी गाडी सेकंडहँड. पहिल्या मालकाने ती हौसेने सजवली होती. मोठे स्पीकर, जाड सीटकव्हरं, दारं उघडताच लागणारे निळे दिवे. घेतली तेव्हा ती उत्तम चालत होती, आजही चालते. दोन पावसाळे गेल्यावर मात्र तिच्या पार्किंग लाइटचा फ्यूज आठ-दहा दिवसांत तीनदा उडाला. तिन्ही वेळा रात्री, तिन्ही वेळा भाईंदरला मुलीकडे जाताना किंवा तिथून परतताना. तिसऱ्या वेळी गायमुखच्या चढावर मागून एक मोटारसायकल अगदी अंगावर आली. स्वार पोरगेलासा. तो खिडकीशी येऊन जे बोलला ते रविवारच्या पुरवणीत छापता येणार नाही. पण त्याचं म्हणणं रास्त होतं. मागे ही बसलेली होती, शेजारी पाच वर्षांचा नातू झोपलेला. ब्रेक दाबला की लाल दिवा लागत होता, कारण ब्रेकलाइटची लाइन वेगळी. पण ब्रेक दाबलेला नसताना गाडी मागून दिसतच नव्हती. मला मात्र एकच खूण मिळाली होती, ती अशी की डॅशबोर्डवरच्या काट्यांचा उजेड गेला होता. पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्डचा उजेड आणि मागचे दिवे एकाच फ्यूजवर असतात. वाचकांनी एवढं एक ध्यानात ठेवलं तरी लेखाचं सार्थक झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घराजवळच्या एका अॅक्सेसरीजच्या दुकानात गेलो. मुलाने फ्यूज ओढून काढला, हातात तोलला आणि म्हणाला, "काका, दहाचा आहे म्हणून उडतोय. तीसचा टाकतो. परत उडणार नाही."

परत उडणार नाही! हे वाक्य ऐकून माझ्यातला बँकवाला खडबडून जागा झाला. "राहू दे" म्हटलं आणि गाडी खोपटला आणली.

आता थोडा हिशेब. शाळेत वीज शिकताना कंटाळा आला असेल त्यांनीही वाचावा, कारण तो भागाकारापलीकडे जात नाही. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. पार्किंगचा बल्ब ५ वॉटचा. पुढे दोन, मागे दोन, नंबर प्लेटचा एक, आणि डॅशबोर्डवरचे चिमुकले मिळून धरा ३० वॉट. ३० भागिले १२, म्हणजे अडीच अँपिअर. फ्यूज आहे १० अँपिअरचा. म्हणजे गरजेच्या चौपट सूट कंपनीने आधीच दिलेली आहे. शिवाय १० चा फ्यूज १० ला लगेच उडत नाही. ११ अँपिअरपर्यंत तो तासन्‌तास तग धरतो. दुप्पट प्रवाह गेला तर मात्र फार तर पाच सेकंदांत वितळतो. इतका सोशिक प्राणी जर उडाला, तर अडीचच्या जागी कितीतरी अँपिअर कुठेतरी वाहून गेले, हे उघड आहे. ते कुठे गेले, हा खरा प्रश्न. तीसचा फ्यूज टाकल्याने तो सुटत नाही, फक्त विचारणाराच गप्प होतो. ती वायर बिचारी अडीच अँपिअरच्या बेताने निवडलेली, बारीक. बॅटरी तर स्टार्टर फिरवताना शंभराहून अधिक अँपिअर सहज देते. मधे कोणी अडवणारा नसेल तर ती वायरच तापते, तिच्यावरचं प्लास्टिक वितळतं, ती शेजारच्या वायरीला भिडते, आणि हे सगळं कार्पेटच्या नि फोमच्या खाली, आपल्या पायांपाशी.

माझ्या वयाच्या वाचकांना फिअॅटचे फ्यूज आठवत असतील. गोळीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते, अंगावरून धातूची एक पट्टी गेलेली. पांढरा आठचा, लाल सोळाचा. दिवा गेला की टॅक्सीवाला खाली वाकून तो फ्यूज अंगठ्याने गोल फिरवायचा आणि दिवा यायचा. त्यात जादू नव्हती. टोकांवर गंज चढायचा, तो घासला जायचा. आणि नाहीच आला, तर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद त्या गोळीला गुंडाळायचा. निम्मी मुंबई त्या चंदेरी कागदावर चालली असेल. त्या फिअॅटची पुढे प्रीमिअर पद्मिनी झाली, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. चंदेरी कागद मात्र गेलेला नाही. आजचे फ्यूज चपटे, दोन पायांचे, रंगावरून ओळखायचे: लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. त्यांनाही लोक फॉइल लावतात. सिगारेटऐवजी चॉकलेटची, एवढीच काय ती प्रगती.

बँकेत याला एक सभ्य नाव होतं: सस्पेन्स अकाउंट. संगणक येण्याआधीचे आमचे दिवस. सहामाहीला लेजर जुळवायला बसायचं आणि रात्री नऊला २७ रुपयांचा फरक निघायचा. लोकलची वेळ होत आलेली. कोणीतरी म्हणायचंच, "टाका सस्पेन्सला, उद्या बघू." आमचे एक मॅनेजर टाकू द्यायचे नाहीत. ते म्हणायचे, २७ रुपये हा चुकीचा आकडा नसतो, ती दोन मोठ्या चुकांची वजाबाकी असू शकते. मग शोध. २७ ला नवाने भाग जातो, म्हणजे कोणीतरी आकड्यांची अदलाबदल केली असण्याची शक्यता. ६३ चे ३६ झाले असतील. लेजर अर्धं करायचं, अर्ध्याची बेरीज ताडून बघायची, जुळली तर दोष दुसऱ्या अर्ध्यात. पुन्हा त्याचं अर्धं. असं करत करत शेवटी एका पानावर येऊन ठेपायचं. हे सगळं मी एवढ्या विस्ताराने सांगतो आहे, कारण उस्तादने माझ्या गाडीत नेमकं हेच केलं.

त्याने आधी गाडीला हात लावला नाही. प्रश्न विचारले. जुन्या फॅमिली डॉक्टरांसारखे. बटण दाबल्या दाबल्या उडतो, की वेळाने? दाबल्या दाबल्या उडत असेल तर वायर सरळ बॉडीला चिकटलेली. पंधरा-वीस मिनिटांनी उडत असेल तर कुठेतरी भार जास्त आहे. बहुधा कोणी जादा दिवे त्याच लाइनवर टांगलेत. पावसात उडतो? पुढच्या दिव्यांत पाणी. डिकी उघडताना? मग बिजागरीपाशी वाकून वाकून वायर सोललेली. यातलं एकही माझ्या गाडीला लागू नव्हतं. खड्ड्यात? हो, दोनदा खड्ड्यातच. "पण ठाण्यात खड्ड्याबाहेर गाडी असते कधी?" असं मी म्हणालो. तो हसला नाही.

"एकटे असताना उडाला?"

मी आठवून पाहिलं. रोज संध्याकाळी मी एकटा गाडी काढतो, वाचनालयात जातो, अंधारात परत येतो. एकदाही नाही.

"मागे कोण बसलं होतं?"

"बायको आणि नातू."

"वहिनी कोणत्या बाजूला?"

पोलिसी कथा लिहिणाऱ्या माझ्या मित्रांनी असा प्रश्न विचारणारा इन्स्पेक्टर एकदा तरी लिहावा. नातवाला डावी खिडकी लागते, म्हणून ही नेहमी उजवीकडे, माझ्या मागे.

मग त्याने काम सुरू केलं. पार्किंगचे सगळे बल्ब होल्डरमधून काढून ठेवले. उडालेल्या फ्यूजच्या जागी दोन वायरी जोडलेला एक बल्ब लावला, इंडिकेटरला असतो तसा २१ वॉटचा. यातली गंमत समजून घेण्यासारखी आहे. वीज बॅटरीतून निघते, बल्बमधून जाते आणि गाडीच्या लोखंडी अंगातून बॅटरीकडे परत येते. परतीची वेगळी वायर पुष्कळदा नसतेच. आता बल्ब काढल्यावर पुढे जायला वाट उरली नाही. तरीही फ्यूजच्या जागचा दिवा झगझगीत पेटला, तर वीज चोरवाटेने बॉडीत उतरते आहे. आणि शोध चालू असताना वायर जळायची भीती नाही, कारण हा बल्ब स्वतःतून पावणेदोन अँपिअरच्या वर काही जाऊ देत नाही. नाही तर प्रत्येक चाचणीला एक फ्यूज जाळावा लागला असता.

त्याने स्विच टाकला. बल्ब तांबूस, मरगळलेला लागला. "एवढा डॅशबोर्डचा," तो म्हणाला. म्हणजे चोरी चालू नव्हती. त्याने हाताखालच्या पोराला मागे उजवीकडे बसवलं. काही नाही. "जरा उड्या मार." पोरगं आनंदाने उड्या मारू लागलं, आणि तिसऱ्या उडीला तो बल्ब भक्कन पेटला. पोरगं थांबलं, बल्ब मंद झाला. पुन्हा उडी, पुन्हा झगझगाट. रस्त्यावरची चार माणसं जमली. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पुढे लेजर अर्धं करणं. पोराला बसतं ठेवून, सीट दाबून धरायला लावून, त्याने ड्रायव्हरच्या दाराजवळचा कपलर सोडला. इथून मागे जाणारी सगळी वायरिंग सुटी झाली आणि बल्ब मंदावला. म्हणजे पुढचं अर्धं निर्दोष. कपलर परत लावला, डिकीतला सोडला. बल्ब तसाच झगझगीत. म्हणजे डिकीही निर्दोष. दोष मधल्या पाच फुटांत. मागची सीट उचलली. स्पीकरची वायर ओढताना कोणीतरी मूळचं वायरींचं जुडगं त्याच्या खाचेतून बाहेर काढलं होतं आणि परत बसवलंच नव्हतं. सीटच्या लोखंडी फ्रेमचा कोपरा बरोबर त्याच्यावर टेकत होता. वायरीवर टाचणीच्या डोक्याएवढं तांबं चमकत होतं. एवढंच.

शोधायला दीड तास लागला, दुरुस्तीला दहा मिनिटं. अर्ध्या तारा तुटल्या होत्या, तेवढा तुकडा कापून त्याने डाख दिला, वर नळी चढवली, जुडगं खाचेत बसवलं आणि फ्रेमच्या कोपऱ्याला जुन्या ट्यूबचं रबर. नुसती टेप गुंडाळून चाललं नसतं का, या प्रश्नावर त्याचं म्हणणं असं की आपल्याकडच्या उन्हात टेपचा गोंद पातळ होतो आणि ती सुटते. घरी येऊन मी सगळी हकिकत सांगितली. ही म्हणाली, "म्हणजे मी मागे बसते म्हणून सापडला. पुढे बसत असते तर अजून शोधत असता."

स्टुलावर बसून मी इतरही गाड्या पाहिल्या. बराच वेळा दोष वायरीत नसतोच, बल्बमध्ये असतो. मागच्या दिव्यात एकाच काचेत दोन तारांचा बल्ब असतो, ५ वॉटची तार पार्किंगची आणि २१ ची ब्रेकची. एक तार तुटून दुसरीवर पडली, किंवा कोणी एका तारेचा बल्ब जबरदस्तीने त्या होल्डरमध्ये दामटला, की ब्रेक दाबल्यावर पार्किंगचे दिवे लागतात आणि भुताटकी सुरू होते. अर्थ सैल झाला, म्हणजे बॉडीला जोडणारा स्क्रू गंजला, की तर वेताळाची पालखीच. इंडिकेटर दिला की ब्रेकलाइट मिचकावतो. त्यात फ्यूज मात्र उडत नाही, आणि तिथेच लोक फसून नवा बल्ब, नवा स्विच घेत बसतात. साधा इंडिकेटर एका बाजूला भराभर मारू लागला, तर त्या बाजूचा एक बल्ब गेला समजावं. एकाने ट्रकच्या दुकानातून २४ व्होल्टचे बल्ब आणले होते. ते १२ वर देवघरातल्या समईसारखे लागत होते. दुसऱ्याने हौसेने हेडलाइटला शंभर वॉटचे टाकले होते. ६० चे दोन म्हणजे १० अँपिअर. शंभरचे दोन म्हणजे जवळजवळ १७. होल्डरचं प्लास्टिक बिस्किटासारखं खरपूस झालं होतं. 

पाण्याचं वेगळंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि गाड्याच्या गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी उतरल्यावर पुष्कळ सुरूही झाल्या. पण कपलरमध्ये गेलेलं गढूळ पाणी काम सावकाश करतं. तांब्यावर हिरवट थर चढत जातो आणि दिवे जायला लागतात ते काही महिन्यांनी, जेव्हा पुराची आठवण कोणाला नसते. आणि उंदीर! बॉनेटखाली ऊब असते, म्हणून ते रात्री मुक्कामाला येतात आणि वायरी कुरतडतात. लोक तंबाखूची पानं ठेवतात, डांबराच्या गोळ्या ठेवतात. गणपतीच्या वाहनाने आपल्या वाहनात मुक्काम केल्यावर तक्रार तरी कोणाकडे करायची?

जादा वस्तू बसवताना मूळ वायर सोलून तिला वायर गुंडाळण्याची पद्धत मात्र उंदरांपेक्षा वाईट. टाटांची नॅनो २००९ च्या मार्चमध्ये आली. त्याच वर्षी तीन नॅनोंमधून धूर निघाला तेव्हा स्टिअरिंगजवळच्या एकत्रित स्विचमध्ये शॉर्ट झाल्याचं आढळलं. मार्च २०१० मध्ये मुंबईत एक नवी कोरी नॅनो घरी नेतानाच पेटली. पुढे कंपनीने तपास करून आगींची जी कारणं सांगितली, त्यांत बाहेरून बसवलेली विजेची उपकरणं हे एक होतं. आणि नोव्हेंबर २०१० मध्ये तिने गाड्यांच्या विजेच्या व्यवस्थेला जादा संरक्षण विनामूल्य देऊ केलं. एवढ्या मोठ्या कंपनीला जे मागाहून करावं लागलं, ते आपल्याला नवा हॉर्न बसवताना आधीच करता येतं. बॅटरीपासून वेगळी वायर, तिच्यात बॅटरीजवळच वेगळा फ्यूज, आणि भार मोठा असेल तर रिले. रिले म्हणजे काय? बँकेत अधिकारी चिठ्ठीवर नुसती आद्याक्षरं करतो आणि तिजोरीतून लाखाची रक्कम हलते. स्वतः तो नोटांना हात लावत नाही. स्विचने अशी नुसती सही करायची, ओझं रिलेने वाहायचं.

एका संध्याकाळी मी तिथे असतानाच एक टुरिस्ट गाडीवाला आला. नाशिकचं भाडं, प्रवासी गाडीतच बसलेले, मागचे दिवे बंद, फ्यूज लावला की उडतोय. "फॉइल मार, सकाळी येतो परत." उस्ताद म्हणाला, अर्धा तास दे, निदान मागची लाइन सोडवून मॅग्नेटवाले दोन दिवे वेगळ्या फ्यूजवर लावून देतो. त्याला अर्धा तास नव्हता. बाचाबाची झाली. "तुझ्यासारखे छप्पन्न आहेत" म्हणून तो निघून गेला. आणि ते खरंही होतं, पुढच्या दुकानात दोन मिनिटांत काम झालेलं आम्हाला दिसलं. मागचे दिवे लागले, गाडी कसारा घाटाच्या दिशेने गेली. उस्ताद काही बोलला नाही, पण त्या दिवशी त्याने दुकान लवकर बंद केलं. पुढे काय झालं ते कळायला मार्ग नाही. बहुधा काहीच झालं नसेल. सस्पेन्सला टाकलेल्या शंभर रकमांतल्या नव्वदांचंही काही होत नाही.

अलीकडच्या गाड्यांत हे काम अंशतः संगणकाने हाती घेतलं आहे. दिव्यांची वीज एका नियंत्रक पेटीतून जाते. शॉर्ट झाला की पेटी ती लाइन स्वतःच बंद करते, फ्यूज शाबूत, आणि दोष वाचायला स्कॅनर लागतो. उस्तादने हप्त्यावर एक घेतला आहे. मुलगा तो चालवतो. स्कॅनर "मागचा डावा दिवा, शॉर्ट" एवढं सांगतो. सीट कोणी उचलायची हे अजून सांगत नाही.

माझ्या गाडीच्या फ्यूजपेटीच्या झाकणावरचा तक्ता पुसून गेला होता. निघताना उस्तादने कॅलेंडरच्या पानामागे तो बॉलपेनने पुन्हा लिहून दिला: पा. लाइट १०, हॉर्न १५, पंखा ३०. ते पान मी झाकणाच्या आत चिकटवलं. त्याच्या शेजारी, जुन्या सवयीने, एक छोटी वही ठेवली आहे. तारीख, कोणता फ्यूज, त्या वेळी काय चालू होतं, मागे कोण बसलं होतं. सोबत दहाचे दोन लाल फ्यूज आणि एक टॉर्च. टॉर्च नातवाने पळवला आहे. वहीत पहिल्या तीन नोंदींपुढे अजून काही लिहावं लागलेलं नाही.